परवलीचा शब्द आणि दोन किल्ल्या

पासवर्डच्या नोंदलेल्या चोऱ्यांमधली बहुधा पहिली चोरी १९६२ सालची. जागा अमेरिकेतली एमआयटी, चोर ॲलन शेर नावाचा संशोधक विद्यार्थी, आणि चोरायचा होता तो संगणकाचा वेळ. आठवड्याला चार तास त्याच्या वाट्याला यायचे, तेवढ्यात काम भागत नव्हतं. त्या यंत्रावर एक सोय होती : पंच केलेल्या कार्डावर खाते क्रमांक आणि फाइलचं नाव दिलं की ती फाइल छापून मिळे. शेरने एका शुक्रवारी रात्री उशिरा पासवर्डच्याच फाइलचं नाव देऊन कार्ड टाकलं आणि शनिवारी सकाळी लवकर जाऊन छापील यादी कपाटातून उचलली. मग तो दुसऱ्यांच्या खात्यांवर निवांत काम करू लागला. हे सगळं त्याने आपण होऊन सांगितलं ते पंचवीस वर्षांनी. तोवर कुणाला पत्ता नव्हता.

ही हकिगत वाचली तेव्हा माझ्यातली बँकवाली आधी बोलली : सगळ्यांच्या किल्ल्या एका खिळ्याला टांगल्या, आणि खिळा व्हरांड्यात!

माझी सगळी नोकरी एका राष्ट्रीयीकृत बँकेत झाली. सुरुवात सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या शाखेत, कॅश काउंटरवर. निवृत्त झाले पुण्यात, अधिकारी म्हणून. त्यामुळे कुलूप-किल्लीचा विषय निघाला की मला स्ट्राँगरूम आठवते. तिथली तिजोरी एकट्या माणसाला उघडता येत नाही. एक किल्ली हेड कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे; दोघं आले, दोन्ही किल्ल्या लागल्या, तरच दार हलतं. याला बँकेत जॉइंट कस्टडी म्हणतात. डुप्लिकेट किल्ल्यांचा जोड सीलबंद करून दुसऱ्या शाखेत ठेवायचा. किल्ली कुणी कुणाला कधी दिली ते रजिस्टरला सहीनिशी चढवायचं. तपासणीला आलेला साहेब चहाच्या आधी ते रजिस्टर मागवायचा. या व्यवस्थेत किल्ली मात्र साधीच राहिली. वापरणाऱ्याला झेपणार नाही इतकी अवघड किल्ली करण्याचा घाट कुणी घातला नाही. एक गेली तर घात होऊ नये म्हणून दुसरी केली, एवढंच. संगणकवाल्यांना ही गोष्ट उमजायला निदान चाळीस-पन्नास वर्षं लागली असं माझं मत आहे, आणि तेवढ्या काळात त्यांनी माणसाच्या स्मरणशक्तीवर जे ओझं टाकलं त्याचा हा जमाखर्च.

परवलीचे आकडे आमच्याकडेही होते. तारेने पैसे पाठवायचे म्हणजे टी.टी., टेलिग्राफिक ट्रान्स्फर. तार पोस्टातून येणार, वाटेत चार जण वाचणार. मग ती खरंच आमच्या दुसऱ्या शाखेने पाठवली कशावरून? तर तारेत एक टेस्ट नंबर असे. कोडबुकात तारखेला, रकमेला, शाखेला ठरवून दिलेले आकडे असत. त्यांची बेरीज करून नंबर काढायचा, आणि पलीकडच्याने आपल्या पुस्तकावरून तीच बेरीज करून ताळा घ्यायचा. ते आकडे कुणी पाठ केले नाहीत. कुणाला पाठ आहेत असं कळलं असतं तर उलट चौकशी लागली असती. सगळं पुस्तकात छापलेलं होतं आणि पुस्तक कुलपात होतं.

लिहून ठेवायचं की पाठ करायचं, हा प्रश्न त्याहून कितीतरी जुना. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने रोमन छावणीची पद्धत बारकाईने नोंदवली आहे. रात्रीचा परवलीचा शब्द लाकडी पाटीवर लिहून दिला जाई. पाटी एका तुकडीकडून दुसरीकडे साक्षीदारांदेखत फिरे आणि अंधार पडायच्या आत अधिकाऱ्याकडे परत येई. आली नाही तर ती कुठे अडकली याचा माग काढता येई आणि कसूर करणाऱ्याला शिक्षा होई. शब्द एकच, सगळ्या छावणीत मिळून, आणि तोही एका रात्रीपुरता. हजारो सैनिकांच्या डोक्याला एवढाच ताण.

संगणकावर हा शब्द आला तो १९६१च्या सुमारास, फर्नांडो कॉर्बाटो यांच्या सीटीएसएस या प्रणालीबरोबर. शेरने चोरी केली ती याच यंत्रावर. एका यंत्राला अनेक टर्मिनल जोडलेली, अनेक जण एकाच वेळी कामाला. एकाच्या फायली दुसऱ्याने उघडू नयेत म्हणून प्रत्येकाला एक शब्द दिला. त्या वेळच्या गरजेला हे पुरेसं होतं. चार भिंतींच्या आत, एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांनी एकमेकांच्या कामात हात घालू नये, इतकीच अपेक्षा होती. तरीही १९६६ साली घोटाळा झालाच. एक जण रोजच्या सूचनेची फाइल दुरुस्त करत होता, दुसरा पासवर्डची. एका चुकीमुळे दोन्हींची अदलाबदल झाली आणि जो कुणी यंत्रावर येई त्याच्यापुढे सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड झळकू लागले. एका जागरूक माणसाने ते पाहून यंत्रच मुद्दाम बंद पाडलं. पुढे ट्यूरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात कॉर्बाटोंनी हा किस्सा स्वतः सांगितला. २०१४ साली, वयाच्या ऐंशीच्या घरात, त्यांनी पासवर्ड ही आता डोकेदुखी झाल्याचं एका वृत्तपत्राला सांगितलं आणि हेही कबूल केलं की आपण स्वतः पासवर्डची टंकलिखित यादी बाळगत आलो. यादी तीन पानांची होती. २०१९ साली ते वारले.

यादीच चोरीला जाते तर यादी ठेवूच नये, हा पुढचा विचार केंब्रिजच्या रॉजर नीडहॅम यांचा, साठच्याच दशकातला. शब्दावर असं गणित करायचं की निघालेल्या उत्तरावरून मूळ शब्द उलगडता येऊ नये, आणि साठवायचं ते फक्त उत्तर. माणसाने शब्द दिला की तेच गणित पुन्हा करून उत्तर जुळतं का ते बघायचं. म्हणजे आमच्या टेस्ट नंबरचाच ताळा, फक्त पुस्तकाशिवाय.

मग बेल लॅब्जमधले रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली एक निबंध लिहिला. या सगळ्या इतिहासातलं एकच काही वाचायचं असेल तर तो निबंध वाचावा. युनिक्स प्रणालीवर त्यांनी पासवर्ड झाकायला आधी दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सांकेतिक यंत्राची, एम-२०९ची, नक्कल वापरली होती. ती फार जलद निघाली. जलद असणं हा इथे दोष, कारण अंदाज करणाऱ्यालाही तितक्याच झपाट्याने अंदाज करता येतात. म्हणून त्यांनी गणित मुद्दाम सावकाश केलं, तेच तेच पंचवीस वेळा करायला लावलं. शिवाय प्रत्येक शब्दात यदृच्छेने एक आकडा मिसळला. ४,०९६ शक्यतांपैकी कुठलाही एक. त्याला नाव दिलं मीठ. दोघांनी एकच शब्द निवडला तरी मिठामुळे साठवलेली उत्तरं वेगळी दिसतात. यंत्राकडून करण्यासारखं होतं ते त्यांनी असं चोख केलं.

मग त्यांनी माणसांकडे पाहिलं. ३,२८९ खरे पासवर्ड गोळा केले. १५ पासवर्ड एका अक्षराचे निघाले, ७२ दोन अक्षरांचे, ४६४ तीन अक्षरांचे, ४७७ चार अक्षरांचे. ७०६ पाच अक्षरी, सगळी मोठ्या किंवा सगळी छोट्या लिपीतली; ६०५ सहा अक्षरी आणि सगळी छोट्या लिपीतली. उरलेल्यांतले ४९२ शब्दकोशांत आणि नावांच्या याद्यांत सापडले. बेरीज २,८३१, म्हणजे शंभरातले शहाऐंशी. मला यात त्या माणसांचा आळस दिसत नाही. दिवसातून कितीदा तरी उघडायचं कुलूप माणूस हाताला सोपं पडेल असंच ठेवणार. पण या आकड्यांवरून पुढच्या पिढीने जो निष्कर्ष काढला तो असा : माणसं चुकार आहेत, त्यांना नियम लावा.

याच मॉरिस यांच्या घरात पुढे जे घडलं ते कादंबरीत कुणी खरं मानलं नसतं. १९८८ साली थोरले मॉरिस अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत संगणक सुरक्षेचे मोठे शास्त्रज्ञ होते. त्या वर्षी २ नोव्हेंबरला त्यांच्या मुलाने, रॉबर्ट टॅपन मॉरिसने, इंटरनेटवर एक आपोआप पसरणारा प्रोग्राम सोडला. तो यंत्रायंत्रांत शिरायचा त्यातली एक वाट पासवर्ड ओळखण्याची होती : आधी वापरणाऱ्याचं नाव, मग तेच नाव उलटं, मग ४३२ शब्दांची सोबत आणलेली यादी. त्या वेळच्या सुमारे साठ हजार यंत्रांपैकी सहा हजारांना बाधा झाली असा अंदाज केला जातो. बापाने नऊ वर्षांपूर्वी कागदावर दाखवलेलं मुलाने प्रत्यक्ष करून दाखवलं. मुलाला तीन वर्षांची प्रोबेशन, चारशे तासांची समाजसेवा आणि दंड झाला. नंतर तो एमआयटीत प्राध्यापक झाला.

नियमांचा पाया १९८५ साली अमेरिकन संरक्षण खात्याच्या मार्गदर्शिकेने घातला होता. पण आपल्या सगळ्यांच्या मानगुटीवर बसले ते नियम २००३ सालचे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतल्या बिल बर नावाच्या अधिकाऱ्याने एका दस्तऐवजाला पुरवणी जोडली. मोठं अक्षर हवं, आकडा हवा, एखादं विशेष चिन्ह हवं, आणि ठराविक काळाने सगळं बदला. बर यांना खरे पासवर्ड तपासून मगच सल्ला द्यायचा होता. त्यांनी आपल्याच संस्थेच्या संगणक विभागाकडे मागणी केली, ती अर्थातच नाकारली गेली. मग हाताशी होतं त्यावर, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या एका लेखावर, त्यांनी भिस्त ठेवली. ती पुरवणी जगभर नियम म्हणून फिरली. सरकारी कचेऱ्या, विद्यापीठं, बँका, कुणी मागे राहिलं नाही.

आमच्या शाखेत कोअर बँकिंग आलं आणि हे नियम त्याच्यासोबत उतरले. ठराविक दिवस झाले की सकाळी सकाळी पडद्यावर पाटी : पासवर्ड बदला. बाहेर पेन्शनरांची रांग, आत आम्ही नव्या शब्दाच्या शोधात. त्यावर सगळ्यांनी आपापली तोड काढली. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या अधिकाऱ्याच्या पासवर्डमध्ये मुलीचं नाव, एक ॲट-द-रेटचं चिन्ह आणि चालू महिन्याचा आकडा असायचा. मुलगी तीच, महिना पुढचा. हे शाखेत सगळ्यांना ठाऊक होतं, चहावाल्या पोऱ्यासकट. कुणाचा कागद कीबोर्डखाली, कुणाचा टेबलाच्या काचेखाली गणपतीच्या फोटोमागे. आणि अधिकारी जेवायला गेला असताना व्हाउचर पास करायचं असलं की पलीकडून हाक यायची, "साहेब, पासवर्ड काय?" आणि साहेब डबा खाता खाता सांगायचे. दोन माणसांच्या दोन पायऱ्या, एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती मंजूर करायची, ही तिजोरीच्या दोन किल्ल्यांचीच व्यवस्था संगणकात आणली होती. किचकट पासवर्डने तिचीच वाट लावली. जी किल्ली बाळगणं कटकटीचं, ती माणूस दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळा होतो.

हे आम्ही पाहत होतो, पण तपासून सिद्ध केलं ते दुसऱ्यांनी. लंडनच्या ॲन ॲडम्स आणि अँजेला सॅसी यांनी १९९९ सालीच लिहिलं होतं की वापरणारा माणूस हा शत्रू नव्हे. अशक्य मागण्या केल्या की तो पळवाटा काढतो. २०१० साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी सक्तीने बदललेले जुने-नवे पासवर्ड तपासले. जुना माहीत असेल तर शंभरातल्या सतरा खात्यांचा नवा पासवर्ड पाचाहून कमी प्रयत्नांत ओळखता येत होता. मुलगी तीच, महिना पुढचा. २०१७च्या जूनमध्ये त्याच मानक संस्थेने नवा दस्तऐवज काढला : चिन्हांची सक्ती नको, मुदतीने बदलायला लावू नका, लांबीला वाव द्या, चोरीला गेलेल्या शब्दांच्या यादीत असलेला शब्द मात्र घेऊ नका. तोवर निवृत्त झालेल्या बर यांनी त्याच वर्षी आपल्या सल्ल्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. माणूस प्रामाणिक म्हणायचा. आमच्याकडे चुकीचं परिपत्रक काढणारा कुणी असं बोलल्याचं मला स्मरत नाही.

लांब पण सोपा शब्द कसा करावा याची युक्तीही जुनीच आहे. आर्नल्ड रेनहोल्ड यांनी १९९५ साली डाइसवेअर नावाची पद्धत मांडली : फासा पाच वेळा टाका, येणाऱ्या आकड्यावरून ७,७७६ शब्दांच्या यादीतला एक शब्द घ्या, असे पाच-सहा शब्द जोडा. शब्द फाशाने निवडलेले असल्यामुळे तुमचं गाव, दैवत, पोरंबाळं माहीत असणाऱ्यालाही ते सुचत नाहीत. आणि ओळखीचे शब्द असल्यामुळे चार दिवसांत तोंडी बसतात. मराठीत एक अडचण आहे. आपण मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहितो, आणि वांगी 'व्ही'ने लिहिली होती की 'डब्ल्यू'ने, हे महिन्याभराने आपल्यालाच आठवत नाही. तेव्हा स्पेलिंगबद्दल शंका येणार नाही असेच शब्द घ्यावेत.

पण स्मरणशक्ती आणि सुरक्षितता यांचा मेळ कुणी पहिल्यांदा घातला असेल तर तो पासवर्डवाल्यांनी नाही, एटीएमवाल्यांनी. २७ जून १९६७ रोजी लंडनमधल्या एनफिल्ड इथे बार्कलेज बँकेने पैसे देणारं यंत्र बसवलं. त्यामागचे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म शिलाँगचा, १९२५ सालचा. ते सांगत की गुप्त आकडा सहा अंकी ठेवायचा त्यांचा विचार होता, कारण स्वतःचा लष्करातला सहा अंकी क्रमांक त्यांना पाठ होता. पण स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी त्यांची पत्नी कॅरोलाइन म्हणाली, मला चारच आकडे लक्षात राहतील. चार ठरले. पिनच्या कल्पनेचं पेटंट मात्र १९६६ सालचं, जेम्स गुडफेलो या स्कॉटिश अभियंत्याचं. श्रेय कुणाचं यावर पुढे बरीच वर्षं वाद चालला. भारतातलं पहिलं एटीएम १९८७ साली मुंबईत आलं, हाँगकाँग बँकेचं.

चार आकड्यांच्या शक्यता फक्त दहा हजार. मॉरिस-थॉम्प्सनच्या हिशेबाने हे कुलूप हसण्यावारी नेण्यासारखं. तरी ते टिकलं, कारण तो आकडा एकटा कधीच नव्हता. सोबत कार्ड लागतं, आणि तीनदा चुकलं की यंत्र दाद देत नाही. यदृच्छेने निवडलेला आकडा असेल तर चोराला दहा हजारांत तीन संधी. खरी ढिलाई आपली. २०१२ साली निक बेरी यांनी बाहेर फुटलेले चौतीस लाख चार-अंकी पासवर्ड तपासले, तेव्हा शंभरातले जवळपास अकरा नुसते १२३४ निघाले. त्याच वर्षी केंब्रिजच्या संशोधकांनी अंदाज केला की पाकिटात कार्डाबरोबर जन्मतारखेचा कागद असेल तर दर अकरा पाकिटांमागे एकात चोराला पिन बरोबर ओळखता येईल. आपल्या पाकिटात आधार कार्डाची झेरॉक्स असते, हे लक्षात घ्या. शाखेत तर पिनचा काळ्या कार्बनचा लिफाफा ग्राहक काउंटरवरच फाडायचे आणि आतला आकडा बॉलपेनने कार्डाच्या कव्हरावर उतरवून घ्यायचे. पुष्कळ आजोबा कार्ड आणि आकडा दोन्ही वॉचमनच्या हातात देत : "बाबा, दोन हजार काढून दे."

दोन किल्ल्यांच्या बाबतीत आपल्या रिझर्व्ह बँकेला मात्र मी पैकीच्या पैकी गुण देते. कार्डाने ऑनलाइन खरेदी करताना कार्डावर न छापलेली आणखी एक ओळख पटवावीच लागेल, असा नियम तिने १ ऑगस्ट २००९पासून लागू केला. युरोपात असा सर्वसाधारण नियम त्यानंतर दहा वर्षांनी आला. डिसेंबर २०१३पासून दुकानातही डेबिट कार्डाला पिन लागू लागला. तेव्हा व्यापारी कुरकुरले, ग्राहकही कुरकुरले. ११ एप्रिल २०१६ला मुंबईत यूपीआय सुरू झालं, त्याचा सांगाडा तोच : तुमचा नंबर असलेला फोन ही एक किल्ली, चार किंवा सहा आकडी पिन ही दुसरी. भाजीवाल्या मावशी जी सुरक्षितता रोज वापरतात तिच्यात ना मोठं अक्षर आहे, ना विशेष चिन्ह.

अर्थात कुलूप कितीही चांगलं असलं तरी चौकटच उखडली तर काय? २०१८च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन-तीन दिवसांत चौऱ्याण्णव कोटींवर रक्कम गेली. चोरांनी एटीएमच्या व्यवहारांना होकार देणारी यंत्रणाच आपल्या बाजूने वळवली होती. तिथे ग्राहकांनी कितीही अवघड पिन ठेवले असते तरी फरक पडला नसता.

मला आज खटकतं ते वेगळंच. बँकेचं ॲप फोनमध्ये, ओटीपी त्याच फोनवर, ईमेल त्याच फोनमध्ये, आणि फोनचं कुलूप चार आकडी जन्मसाल. दोन्ही किल्ल्या एका माणसाच्या खिशात सापडल्या तर आमच्या वेळी मेमो मिळायचा. इथे आपणच त्या एकत्र केल्या आहेत, आणि फोनवरून गोड बोलणारा चोर एवढंच विचारतो की दुसरी किल्ली तेवढी वाचून दाखवता का.

तेव्हा पतसंस्था आणि छोट्या सहकारी बँकांच्या संचालकांना एक विनंती : महिन्या-दीड महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती तुमच्याकडे अजून चालू असेल तर येत्या बैठकीत काढून टाका. त्याऐवजी चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा घाला, दुसरी ओळख सक्तीची करा आणि मंजुरी देणाऱ्याचा पासवर्ड नोंद करणाऱ्याच्या तोंडी आहे का ते तपासा. आणि वाचकांना सांगायचं तर, पिन जन्मतारखेचा असेल तर आजच बदला. तो चारच आकडी आहे, लिहून ठेवू नका. ईमेलचा पासवर्ड चांगला लांबलचक करा, दुसरीकडे कुठेही वापरू नका, आणि लक्षात राहत नसेल तर खुशाल वहीत लिहून वही घरच्या कपाटात कुलपात ठेवा. ओटीपी मात्र कुणालाच सांगू नका, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्यालासुद्धा. बँकेतला माणूस तो कधीच विचारत नाही.